पाणी कुठं मुरतंय?

गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस भागातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांच्या मडगार्डला पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधलेला दिसतो. पासरणी किंवा केळघर घाटात फिरणाऱ्या जुन्या जीपमध्येही तो सीटखाली सापडतो. तो पिण्यासाठी नसतो. गाडी तापली की थांबायचं, वाफ जाऊ द्यायची, पाणी ओतायचं आणि पुढं निघायचं, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की कॅन गाडीबरोबरच शोरूममधून येत असावा असं वाटतं. या प्रकरणाचं म्हणणं त्या कॅनच्या विरोधात आहे. इंजिनाचं पाणी बंद वाटेनं फिरतं: इंजिन, होज पाईप, रेडिएटर आणि पुन्हा इंजिन. सुस्थितीतल्या गाडीत ते महिनोन्‌महिने कमी होत नाही. जिला रोज लिटरभर पाणी लागतं, तिच्यात कुठं तरी पाणी मुरतंय. ते न शोधता जो भर घालत राहतो, तो तापण्याचं मूळ कारण झाकून ठेवतो आणि वर आणखी एक कारण तयार करतो. सातारा-सांगलीतलं पाणी, धूळ आणि उसाचं ओझं पाहता हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा महागात पडतं.

आधी हिशेब पाहू. जळणाऱ्या डिझेलमधली ढोबळमानानं एक तृतीयांश ऊर्जा कामाला लागते, साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली बरीचशी इंजिनाच्या अंगात शिरते. ती पाण्यानं उचलून रेडिएटरपर्यंत न्यायची आणि तिथून हवेत सोडायची. ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे सुमारे ३७ किलोवॅट. पूर्ण ओझ्याखाली त्याच्या रेडिएटरला २५ ते ३० किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातला गिझर दोन-तीन किलोवॅटचा असतो. म्हणजे दहा-बारा गिझर एकाच वेळी चालू ठेवून त्यांची सगळी उष्णता हातभर रुंदीच्या जाळीतून घालवायची. यात पाण्याचं काम फक्त वाहतुकीचं आहे. उष्णता शेवटी घेते ती हवा. त्यामुळं गाडी तापायची कारणंही तीनच संभवतात: उष्णता बेसुमार तयार होते, पाणी ती नीट वाहून नेत नाही किंवा हवा ती घेत नाही. आपल्याकडं चौकशी नेहमी मधल्या कारणापासून सुरू होते, कारण पाणी डोळ्यांना दिसतं. या दोन जिल्ह्यांत ती हवेपासून सुरू व्हायला हवी.

ऊस भरलेल्या रानात ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा त्याच्याभोवती सुकलेलं पाचट आणि मातीची बारीक भुकटी उडत असते. पंखा ती ओढून घेतो. मोठं पाचट पुढच्या जाळीवर अडकतं, ते ड्रायव्हर हातानं काढतो आणि काम झालं असं समजतो. खरी अडचण जाळीच्या आत असते. उसाच्या पानावरची बारीक कुसं, मळणीचं भुसकट आणि धूळ रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये जाऊन बसतात. त्यावर कुठून तरी पाझरलेल्या ऑइलचा हात फिरला की त्याचा नमद्यासारखा थर होतो. जीप आणि पिकअपमध्ये एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं असतो, आणि या दोघांमधल्या बोटभर फटीत तर कोणाची नजरच पोचत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारी जाळी आणि आत बुजलेला रेडिएटर ही जोडी फार सर्रास दिसते. तपासायची युक्ती अगदी साधी आहे. इंजिन बंद आणि गार असताना पंख्याच्या बाजूनं टॉर्च धरायचा आणि पुढून पाहायचं. जिथं उजेड आरपार येत नाही तिथून हवाही जात नाही. साफ करताना हवेचा झोत इंजिनाकडून बाहेर, म्हणजे पंखा ओढतो त्याच्या उलट दिशेनं मारायचा. पुढून मारला तर कचरा आणखी आत ठासला जातो. सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोरदार पाण्याचा फवारा जवळून मारला तर पत्रे आडवे होतात, आणि आडवा झालेला पत्रा धुळीइतकीच हवा अडवतो. शिराळा, पाटणकडं चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरचा चिखल ओला असतानाच धुतलेला बरा. तो वाळला की त्या बारीक फटींतून काढणं कोणाच्या बापाला जमत नाही.

यावर कोणी म्हणेल, थोडी धूळ बसल्यानं एवढं काय बिघडतं? कंपनीनं काही मोकळीक ठेवलेली असणारच. मोकळीक असते, पण तिच्यावर आधीच दोन वाटेकरी बसलेले असतात. पहिला म्हणजे उन्हाळा. रेडिएटर किती उष्णता सोडेल ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २८ अंशांवर असेल तर फरक ६७ अंशांचा. एप्रिल-मेमध्ये म्हसवड किंवा जत भागात पारा ४२ वर गेला की तोच फरक ५३ अंशांवर येतो. म्हणजे काहीही न बिघडता रेडिएटरची ताकद एक पंचमांशानं घटली. दुसरा वाटेकरी ओझं. ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन वजन धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरनं ते ओढायला सुमारे १६ किलोवॅट पुरतात. त्याच वजनानं शेकडा ५ चा चढ लागला तर ताशी १० किलोमीटरलाही ३८ किलोवॅट लागतात, म्हणजे ५० अश्वशक्तीच्या इंजिनाचा दमच संपतो. मऊ रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना चढ नसला तरी तेवढाच किंवा जास्त जोर लागतो, कारण चाक रुततं. आणि या सगळ्या वेळात ट्रॅक्टर सायकलच्या वेगानं चाललेला असतो, त्यामुळं धावत्या जीपला समोरून जो वारा फुकट मिळतो तो त्याला मिळत नाही. तो सर्वस्वी पंख्याच्या भरवशावर. अशा वेळी धुळीनं आणखी एक पंचमांश वाट अडवली की काटा लाल पट्ट्यात जातो. मग ड्रायव्हर पाणी ओततो. पाण्याचा काही दोष नसताना.

आता पाण्याकडं येऊ, कारण कॅनमधलं पाणी बहुतेकदा बोअरचं असतं. आटपाडी, जत, कवठे महांकाळ, माण, खटाव या भागांत बोअरचं पाणी जड आहे, हे तिथल्या चहाच्या पातेल्यांवर आणि गिझरच्या कॉइलवर बसलेल्या पांढऱ्या थरावरून कोणालाही कळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. हे ६०० वालं पाणी रेडिएटरमध्ये घातलं तर काय होईल ते मोजून पाहा. दहा लिटर पाणी एकदा भरलं, तर त्यातून फार तर ६ ग्रॅम क्षार निघतील. चिमूटभर. तेवढ्यानं इंजिन बिघडत नाही, म्हणून ‘बोअरच्या पाण्यानं काही होत नाही’ म्हणणारा माणूस पहिल्या दिवशी खराच ठरतो. पण रोज एक लिटर भर घातली तर गळिताच्या १२० दिवसांत ७२ ग्रॅम क्षार आत गेले. पाणी वाफ होऊन निघून जातं, क्षार मागं राहतात. सगळे चिकटत नाहीत हे खरं. पण जे चिकटतात ते नेमके वाईट जागी. तापवल्यावर चुनखडीचे क्षार पाण्यात विरघळून राहत नाहीत, त्यामुळं थर सर्वांत आधी बसतो तो सर्वांत तापलेल्या भागावर, म्हणजे हेडमध्ये, धुराच्या व्हॉल्व्हभोवती. हा थर बिडाच्या तुलनेत वीस पटींहून अधिक उष्णता अडवतो. पाणी भरपूर, पंखा चालू, काटाही कधी कधी जागेवर, आणि आत हेड मात्र भाजतंय, अशी अवस्था येते. पुढं हेड गॅसकेट जातं, हेडला चीर पडते आणि बिल पाहून मालकाला घाम फुटतो.

इथं जुन्या लोकांचा आक्षेप ठरलेला असतो: आमच्या वडिलांची जीप विहिरीच्या पाण्यावर वीस वर्षं चालली, तेव्हा कुठं होतं कूलंट? आक्षेप खोटा नाही, पण तो वेगळ्या यंत्राबद्दल आहे. जुन्या जीपच्या रेडिएटरमध्ये तांब्या-पितळेच्या रुंद नळ्या असत, वरच्या-खालच्या टाक्या डाग देऊन जोडलेल्या असत. चोक झाला की मिस्त्री टाकी उसवून नळ्यांतून सळई फिरवत आणि पुन्हा डाग देत. आज बहुतेक पिकअपमध्ये ॲल्युमिनियमच्या चपट्या, बारीक नळ्या आणि दुमडून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. त्यांच्यात सळई जात नाही. आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला आतून खड्डे पाडतं. चोक झालेला रेडिएटर दुरुस्त करायची सोयच यंत्रानं काढून घेतली आहे, तेव्हा तो चोक होऊ न देणं एवढंच हाती उरतं.

या जुन्या अनुभवाचं आणखी एक मूळ असावं असं मला वाटतं. या मुलखाची इंजिनाशी ओळख जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ कारखाना काढला, तीच आजची पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी; आणि साताऱ्याच्या कूपर यांच्या कारखान्यानं नांगरांबरोबर डिझेल इंजिनंही बनवली. विहिरीवरच्या इंजिनाला थंड ठेवायची पद्धत सोपी होती: पंपानं उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार इंजिनाच्या पोटातून फिरवायची आणि पाटात सोडून द्यायची. तिथं पाणी रोज नवं येतं, साचत नाही, उकळत नाही. जितकं जास्त गार पाणी तितकं इंजिन सुखी, ही समजूत अशा इंजिनाभोवती वाढली तर नवल नाही. पण तिथंही ती अर्धवटच बरोबर होती. भरमसाट गार पाणी फिरवलेलं इंजिन डिझेल नीट जाळत नाही, जास्त पितं आणि लवकर झिजतं. बाहेर पडणारं पाणी चांगलं गरम लागलं पाहिजे. गाडीच्या बंद वाटेला तर ही समजूत मुळीच लागू पडत नाही.

तिचाच पुढचा अवतार म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. ‘तो थंड देशातल्या गाड्यांसाठी असतो, आपल्याकडं कशाला,’ असं सांगून गॅरेजमध्ये तो बिनदिक्कत फेकून दिला जातो. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारी झडप. पाणी साधारण ८२ अंशांच्या आसपास पोचलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडं जायला लागतं. त्याआधी ते आडवाटेनं इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर योग्य तापमानावर येतं. साताऱ्यात बर्फ पडत नाही हे मान्य. पण डिसेंबरच्या पहाटे पाचला रानात चालू केलेल्या इंजिनालाही ८२ अंशांपर्यंत जायचंच असतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत झडप उघडते तेव्हाच ती आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की आडवाट कायमची उघडी राहते, आणि पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडं न जाता तसाच गरम परत फिरतो. अशी गाडी सपाटीवर गार आणि चढावर जास्त तापते, मग मिस्त्रीला वाटतं रेडिएटर चोक आहे. थर्मोस्टॅट अडकलाय असा संशय असेल तर फेकण्याआधी तो पातेल्यात पाण्यात लटकवून पाणी तापवावं. उघडला तर ठीक. नाही उघडला तर नवा बसवावा. इंजिन कडक तापलेलं आणि रेडिएटरचा खालचा पाईप मात्र गार, ही अडकलेल्या थर्मोस्टॅटची मोठी खूण.

कूलंटवरचा आक्षेप याहून वजनदार आहे. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरस आहे, ही गोष्ट खरी. मग पैसे कशाला घालवायचे? दोन कारणांसाठी. एक, त्यातली गंजरोधक द्रव्यं, जी ॲल्युमिनियम आणि बीड दोन्ही राखतात. दुसरं, उकळबिंदू. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ अंशांनाच. अर्धं ग्लायकॉल असलेलं मिश्रण उघड्या भांड्यात १०७ च्या आसपास उकळतं. पण यातही खरी कामगिरी आहे रेडिएटरच्या झाकणाची, ज्याच्याकडं कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्यातली स्प्रिंग आत साधारण ०.९ किलोचा दाब धरून ठेवते, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११५ च्या पुढं गेल्याशिवाय उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग मऊ पडली की हा दाब सुटतो, पाणी लवकर उकळतं, वाफ होऊन बाहेर जातं. रोज लिटरभर पाणी कुठं जातं याचं उत्तर अनेकदा इतकं स्वस्त असतं. झाकण चांगलं असूनही पाणी घटत असेल तर होजच्या क्लिपा, पंपाखालचे ओघळ आणि हीटरचे पाईप पाहावेत. बाहेर कुठं थेंब नाही, ऑइल दुधाळ दिसतंय किंवा गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येताहेत, तर पाणी हेड गॅसकेटवाटे आत जातंय. ती गाडी तशीच दामटू नये. कूलंटच्या खर्चाबद्दल एवढंच, की गळती बंद केलेल्या गाडीत ते वारंवार बदलावं लागत नाही. महाग वाटतं ते फक्त गळक्या गाडीत. तयार मिश्रण नसेल तर ते बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळावं, बोअरच्या नव्हे.

घाटाची गोष्ट थोडी निराळी. पुण्याकडून साताऱ्याला येताना खंबाटकीचा चढ लागतो आणि सुट्ट्यांच्या दिवसांत तिथं गाड्या तासन्‌तास मुंगीच्या पावलानं सरकतात. अशा वेळी वरच्या गिअरवर हाफ क्लच मारत इंजिन रडवत नेणं सर्वांत वाईट. खालच्या गिअरवर इंजिनाचे फेरे वाढतात, तसे पंखा आणि पाण्याचा पंपही जोरात फिरतात. काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. अंगाची लाही होते, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. गाडी थांबवली तर इंजिन लगेच बंद न करता दोन-चार मिनिटं थोड्या वाढीव फेऱ्यांवर चालू ठेवावं. अपवाद दोनच: पट्टा तुटलेला असेल किंवा वाफ बाहेर पडत असेल, तर ताबडतोब बंद. आणि मग काहीही करायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण सैल होताच दाब सुटतो, त्याची क्षणात वाफ होते आणि चेहरा-हात भाजतात. निदान अर्धा तास जाऊ द्यावा, वरचा होज हाताला सोसेल इतका निवाला की फडकं धरून झाकण आधी अर्धंच फिरवावं. पाणी घालायचंच तर इंजिन मंद चालू ठेवून हळूहळू. तापलेल्या हेडवर गार पाण्याचा कॅन उपडा करणं म्हणजे बीड तडकायला आमंत्रण. या एका प्रसंगापुरता कॅन कामाचा, हे कबूल करायला हरकत नाही.

राहिला ड्रायव्हरचा आक्षेप, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे: हंगामात खेपांवर पैसे मिळतात, टोळी खोळंबते, कारखान्यावर नंबर लावायचा असतो, टॉर्च धरून बसायला वेळ कोणाला? ट्रॉल्या कमी भरा म्हणणंही सोपं आहे, हप्ता भरणाऱ्याला ते परवडत नाही. पण याच माणसाला दर खेपेला वाटेत वीस मिनिटं थांबून वाफ घालवायला वेळ मिळतो. गव्हाणीच्या रांगेत ट्रॅक्टर तासन्‌तास उभाच असतो आणि तेवढ्यात इंजिन गारही होतं. जाळी काढून झाडायला, पट्टा अंगठ्यानं दाबून पाहायला, टॉर्च मारायला तिथं दहा मिनिटं पुरतात. पट्टा बोटाच्या रुंदीइतका दबावा. त्याहून जास्त दबला तर तो घसरतोय आणि पंखा व पंप दोन्ही सुस्तावलेत. ओझं कमी करता येत नसेल तर निदान हवेची वाट तरी पूर्ण मोकळी ठेवता येते.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळदकुंकू लावतो, पुढच्या जाळीला झेंडूचा हार घालतो. हंगाम त्यानंतर लगेच उभा राहतो, तेव्हा रेडिएटर आतून साफ करायला, झाकण आणि होज पाहायला, कूलंट भरायला याहून सोयीचा दिवस नाही. हार संध्याकाळी काढून टाका. त्या दिवशी गार इंजिनावर रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतल्या कूलंटच्या पातळीवर मार्करनं रेघ ओढा आणि दर आठवड्याला सकाळी गाडी चालू करण्याआधी पाहा. पातळी रेघेवर असेल तर गाडी कामाला न्या. खाली गेली असेल तर भर घालण्याआधी मिस्त्रीला सांगा की गळती शोध. आणि तो म्हणाला, ‘एवढं चालतं, पाणी टाकत राहा,’ तर मिस्त्री बदला.